श्रावणातला लसणाचा भात

आई, बाबांनी लसणाचा भात मागितला. श्रावणात. तू असतीस तर हातातलं काम टाकून आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला असतास. ताप नाही त्यांना, विसर पडलाय. आधी चष्मा आणि किल्ल्या विसरायचे, मग घाटावरून घरी यायची वाट विसरले, आणि आता कोणत्या दिवशी काय विसरतील याचा नेम राहिलेला नाही. गंगाखेडच्या घराला कुलूप लावून मी त्यांना परभणीला माझ्याकडं आणलंय. आज श्रावणी सोमवार, शाळा अर्धीच; ते दुपारचे झोपलेत म्हणून लिहायला बसले, पण सारखी उठतेय. एकदा गॅस बंद आहे का बघून आले, एकदा त्यांचं पांघरूण सारखं केलं, एकदा उगीच दारापर्यंत जाऊन आले. मन थाऱ्यावर नाही. भादव्यात तुझी तिथी येते, तेव्हा गंगाखेडला जाऊन हे पत्र गोदागंगेत सोडावं असं डोक्यात आहे. दुसरं कुठं टाकू, तुझा पत्ता कुणाकडं आहे.

खरी काळजी त्यांच्या जेवणाची आहे. आषाढापासून घास तोंडात धरून बसतात. चावायचं असतं हेच आठवत नाही की चवच लागत नाही, देव जाणे. वरणभात झाला, दूधभाकरी झाली, खीर झाली, धिरडी झाली, सगळं ताटात तसंच राहतं. दंडाला हात लावला की नुसतं हाड लागतं. डॉक्टर म्हणाले, "जे मागतील ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या, नाहीतर सलाईन लावावं लागेल." आणि यांनी मागायचं तर काहीच मागायचं नाही. मी शाळेत शिकवायला जाते तेव्हा एक मावशी त्यांच्याजवळ बसतात. मागच्या आठवड्यात मी दारात चपला काढतेय तोवर त्या बाहेर आल्या. "ताई, सकाळपासून आबा एकच बोलायलेत. लसणाचा भात म्हनं. करून घाला की. लय आशेनं मागायलेत." मी चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिले.

कारण मुंज झाल्यापासून बाबांनी चातुर्मासात कांदा-लसणाला हात लावला नव्हता. घाटावर दहाव्या-बाराव्याचे विधी सांगणारा माणूस, लोक त्यांच्या शब्दावर आपली माणसं गंगेच्या हवाली करायचे. 'दुसऱ्याला नियम सांगायचा तर आधी आपण पाळायचा,' असं त्यांचं सरळ गणित होतं. मला आठवतंय, मी मैत्रिणीच्या घरून लसणाची चटणी लावलेली भाकरी खाऊन आले होते आणि तोंडाचा वास लपवायला ओसरीवरच घुटमळत होते. बाबांना वास आलाच. पानावरून उठले आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत. तू मात्र मला स्वयंपाकघरात ओढलंस. "तुझी जीभ चाळवली अन् उपाशी कोण राहिलं, बघ जरा." माझ्या घरात मी बारा महिने लसूण खाते, पण बाबा आले तेव्हापासून या चातुर्मासात मीही डबा रिकामा ठेवलाय. त्यांना कळो न कळो.

कांदेनवमी मात्र आपल्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. आषाढी एकादशीच्या आधीची ती नवमी, घरातला सगळा कांदा-लसूण संपवायचा दिवस. तू सकाळपासून पदर खोचून उभी. ताटात सगळं असायचं, भजी, भरीत, झुणका, पण बाबांचं लक्ष भाताकडं. रोज आपल्या घरी ज्वारीची भाकरी, तांदूळ यायचा तो घाटावर मिळालेल्या शिध्यातून. कुणाचा जाडा, कुणाचा आंबेमोहर, कुणाचा रेशनचा, सगळा एकाच डब्यात. तो कधी सारखा शिजलाच नाही. एक शीत गाळ व्हायचं, एक कडकच राहायचं. म्हणून तू तो आधी शिजवून परातीत गार करायचीस आणि मग करडईच्या तेलात परतायचीस. गावरान लसूण सोलायचा नाही, नुसता ठेचायचा, सालं आपोआप बाजूला होतात. अर्धा लसूण मोहरी-जिऱ्यावर लाल करायचा, त्यात शेंगदाणे, वाळलेली मिरची, काळं तिखट. उरलेला अर्धा कच्चाच, गॅस बंद केल्यावर वरून घालायचा आणि झाकण ठेवायचं. बाबा झाकण उघडायच्या आधीच पाटावर येऊन बसायचे. "वाढा की आता, किती अंत बघायलात," असं तुला अहोजाहो करून चिडवायचे, आणि तू गालात हसून कढई पुढं सरकवायचीस. जेवण झालं की खलबत्ता चिंच-राखेनं घासून माळ्यावर जायचा, तो कार्तिकीनंतरच खाली.

हे सगळं तुला माहीत आहे. मी आपली सांगत बसलेय, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

तुझा शेवटचा श्रावण. मी लेकीला घेऊन गंगाखेडला आले होते, ती तेव्हा रांगत होती, आता कॉलेजात जाते. तुला अन्नाचा वास नको झाला होता. पाणीसुद्धा चमच्यानं. आणि एका सकाळी तू माझ्यासमोर बाबांना म्हणालीस, "अहो, तोंडाला चवच न्हाई कशाची. पोरीला थोडा लसणाचा भात करू द्या की." मी उभी राहिले, पदरसुद्धा खोचला. बाबा पूजेची ताम्हणं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "कार्तिकी होऊ दे. मग रोज कर म्हणतो." तू "बरं" म्हणालीस आणि कूस बदललीस. नंतर पुन्हा मागितला नाहीस. भादवा संपायच्या आत तू गेलीस. बाबांनी तुझे सगळे विधी स्वतः सांगितले, एक मंत्र चुकला नाही. मला मात्र ते "कार्तिकी होऊ दे" तेवढंच ऐकू यायचं. इतकी वर्षं मी त्यांच्याशी नीट बोलले, त्यांचं औषधपाणी केलं, पण तो राग काही गेला नाही, आई. पोटात तसाच बसून राहिला.

म्हणून मावशींनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तुला नाही, आणि यांना पाहिजे? मी आत गेले. ते खिडकीशी बसले होते. मला अजून लहानपणीसारखं बाईच म्हणतात. "बाई, आज लसणाचा भात करायलीस ना?" म्हणाले. मी म्हणाले, "कार्तिकी होऊ द्या." मुद्दाम म्हणाले, त्यांच्याच सुरात. त्यांनी शहाण्या लेकरासारखी मान हलवली. "बरं," म्हणाले. तुझंच 'बरं'. आणि त्या दिवशी दूधसुद्धा घेतलं नाही.

दादाला फोन केला. तो पुण्यातून नियम सांगतो, इथं ताट कोण उचलतं ते त्याला दिसत नाही. "अगं, त्यांना कळत नसलं म्हणून काय झालं? आपल्याला कळतंय ना? जन्मभर पाळलेलं आपण मोडायचं? शुद्धीवर असते तर त्यांनी तुझ्या हातचं पाणी घेतलं नसतं." मी म्हणाले, शुद्धीवर असते तर मला फोन करायची वेळ आली नसती. फोन ठेवल्यावर घरभर नुसत्या फेऱ्या मारल्या. दिला तर त्यांचं आयुष्यभराचं व्रत मी बुडवलं, नाही दिला तर त्यांनी तुझ्याशी केलं तेच मी त्यांच्याशी केलं. बरं, विचारायचं कुणाला? असल्या अडचणीत लोक ज्यांना विचारायला यायचे, ते तर खिडकीशी बसून बाहेर बघायलेत.

काल रविवार होता. सकाळीच बाजारात जाऊन लसूण आणला, पिशवीत भाजीच्या खाली घालून आणला. माझ्याच गावात, माझ्याच घरात चोरासारखी. भात एकदा केला तो फसला, म्हणजे छान झाला, मोकळा, एकसारखा, हॉटेलातल्यासारखा. तो मी खाल्ला नाही, मावशींसाठी डब्यात भरून ठेवला. मग डबे उघडून होता नव्हता तो तांदूळ एकत्र केला, कोलम, रेशनचा जाडा, लेकीनं बिर्याणीसाठी आणलेला बासमती. ठेचताना बत्त्याचा आवाज घरभर घुमला आणि बाबा आतून उठून आले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले, भिंतीला हात लावून. मी कढईत तेल सोडलं. मनात काय होतं ते तुला सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी तो भात केला नाही, आई. त्यांना आठवावं म्हणून केला. एक घास खावा आणि कूस बदललेली तुझी पाठ दिसावी, एवढंच मला पाहिजे होतं.

ताट पुढं ठेवलं. त्यांनी चित्राहुती घातल्या, ते काही विसरले नाहीत. पहिला घास घेतला, हळूहळू चावला. एखादं कडक शीत दाताखाली आलं असावं, कारण एकदम म्हणाले, "घाटावरचा तांदूळ हाय." मी समोर बसले होते, त्यांच्या तोंडाकडं बघत. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग मी मोजायचं सोडून दिलं. निम्मा भात संपल्यावर हात थांबला. आतल्या खोलीकडं बघितलं, जिथं काहीच नाही, लेकीचं टेबल आहे. मग माझ्याकडं वाकून अगदी हळू म्हणाले, "बाई, हिला सांगू नको."

"कुणाला, बाबा?"

"तुझ्या आईला. तिनं मागितला होता. मी न्हाई म्हणालो तिला." त्यांचे ओठ तेलानं माखलेले आणि डोळे भरलेले. "तिला कळलं तर तिला लय वाईट वाटंल."

इतकी वर्षं जो राग सांभाळला, तो यांच्या पोटातही इतकी वर्षं होताच की, स्वतःवरचा. सगळं विसरले आणि तेवढंच राहिलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "नाही सांगत," म्हणाले. "जेवा तुम्ही." त्यांनी ताट पुसून खाल्लं. आज सकाळी अर्धी भाकरी खाल्ली, दूध घेतलं. दादाला मी अजून काही कळवलेलं नाही.

आता ते उठलेत, आतून हाक मारायलेत. पानं भरत गेले तेव्हा लक्षात आलं नाही, आणि आता वाचून बघतेय तर मी तुला सगळंच सांगून बसलेय. त्यांना शब्द दिलाय, आई. भादव्यात घाटावर येईन, तुझ्या नावानं पाणी सोडीन. हे पत्र मात्र घरीच ठेवते.