वीस इंची आरसा आणि दोन दीर्घिका

सर, तुम्ही चुकलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कसब्यातल्या तुमच्या खोलीत शनिवारी दुपारी आम्ही दुर्बिणीचे आरसे घासायला जमायचो. सहा मुलगे आणि मी. काचेवर घासायच्या ओल्या पुडीची खरखर चाललेली, आणि तुम्ही पाठीमागे हात बांधून फिरताय. माझा सहा इंची आरसा पुरा झाला त्या दिवशी मी सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, मला एकमेकींना ओढणाऱ्या दीर्घिकांच्या जोड्या बघायच्या आहेत. दोघींमधला तो ताऱ्यांचा धुरकट पूल, स्वतःच्या डोळ्यांनी." तुम्ही सावकाश चष्मा पुसलात. "वा! मग वेधशाळा कधी बांधताय बाई? त्याला वीस इंची आरसा लागतो. तो घासायला हात लागतात, हट्ट नव्हे. फोटो छापून आलेत, ते बघा, आणि लोकांना शनीची कडी दाखवा." मुलगे हसले. पुढच्या शनिवारी मी आले नाही, त्यानंतर कधीच नाही.

हट्टच लागला, सर. बँकेतली नोकरी सांभाळून, वाघोलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत, चौदा महिने वीस इंची काच घासली. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात गाठून विचारायचे, "अहो, तुमचा पाटा-वरवंटा अजून किती दिवस?" दोनदा काचेवर ओरखडा आला, दोनदा पुन्हा जाड पुडीपासून सुरुवात केली. उजवं मनगट सुजलं तेव्हा डाव्या हाताने घासलं. शेवटी दुर्बीण टेम्पोत घालून नगर रस्त्यापासून खूप आत, एका माळावर नेली. तुमच्या त्या सहांपैकी एक सोबत आला होता. केस पिकलेत आता त्याचे. शिडी चढून मी डोळा लावते. दोन पुसट ठिपके, कापसाच्या बोळ्यांसारखे. पुसट गोष्ट थेट पाहिली की हरवते, म्हणून नजर जराशी बाजूला सरकवते, आणि दोघींच्या मध्ये एक फिकट पट्टी उमटते, जाते, पुन्हा उमटते. माझ्या हातांनी घासलेल्या काचेत.

"माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा," हा नियम तुमचाच. म्हणून मी चित्र काढून वही मिटली आणि दुर्बीण कोणत्या जोडीवर लावली आहे ते न सांगता त्याला वर पाठवलं. अर्ध्या तासाने तो उतरला. त्याच्याही कागदावर पट्टी होती, माझ्यासारखीच एका बाजूला झुकलेली. "सर हवे होते," तो म्हणाला. मी म्हटलं, "असते तर म्हणाले असते, आरशावर धूळ बसलीय, पुसून घ्या." तो खूप हसला. मला मात्र हसू आलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक खरं सांगून टाकते. तो शिडीवर असताना मी खाली अंधारात वही छातीशी धरून उभी होते, आणि त्याचा कागद कोरा निघाला असता, तरी माझी पट्टी मी खोडली नसती.