होळच्या विहिरीचं पाणी

केज, फाल्गुन शुद्ध तृतीया, फसली १३२२

चि. सौ. नीलम्मास,

धाकट्या बहिणीला अक्काचे आशीर्वाद, मन्मथरावांना शरणार्थ. हे पत्र मुंजाजी मास्तर लिहून देतायत. परळीहून परतताना आमच्या मुसाफिरखान्यात उतरलेत. मी बोलते तसंच उतरवा, म्हणले त्यांना.

इकडं समदं ठीक हाय. तुजे दाजी बरे हायत, गुडघा तेवढा कुरकुरतो. शिवरात्रीची गर्दी सरली. सातही चुली दिवसभर पेटलेल्या, सरपण पुरंना. आन् लोकं बी काय, बाई! सैपाक झाल्यावर चूल सारवून जा म्हणलं, तर एक जण म्हणतो, "मावशी, सारवायचं कसं ते तरी शिकवा." शिकवलं मग! हातात शेणाचा गोळाच ठेवला.

तुजं पत्र आसाराम गाडीवानानं आठ दिवसांपूर्वीच आणून दिलं. जबाब कावून धाडला न्हाई, ते सांगते.

तू लिहितेस, वर्ष झालं, तुज्या मुसाफिरखान्यात एक गाडी थांबत न्हाई. कुण्या मेल्यानं तुज्या विहिरीचं पाणी बाधतं अशी हूल उठवली. आता पाडव्यानंतर घराला कुलूप लावून मन्मथराव सोलापूरच्या गिरणीत जाणार. आन् मला म्हणतेस, "अक्का, गाडीवान तुजं ऐकतात. पाणी चांगलं हाय, एवढं सांग त्यांना."

नीलू, ती मेली मीच.

मास्तरांनी लेखणी थांबवली. "कुणीतरी" असं लिहू का, म्हणाले. मी म्हणले, न्हाई. "मी" लिहा.

मागल्या शिवरात्रीला आमची ओसरी रिकामी होती. गाड्या होळला तुज्याकडं मुक्काम करायच्या आन् आमच्या दारावरून सरळ निघून जायच्या. त्यात आसाराम म्हणला, "नीलाक्काच्या विहिरीचं पाणी लई गोड बगा." माज्या अंगाचा भडका उडाला. म्हणले, "गोड हाय, पण बैलांना ढाळ लागते त्यानं." एवढंच. गाडीवानाला भाकर कच्ची चालते, बैलाच्या पाण्याची शंका चालत न्हाई. हे मला ठावं होतं, म्हणूनच बोलले. चुकून न्हाई.

मग आमची ओसरी भरली. मी खूष झाले, खोटं कशाला बोलू? लाज वाटायला वर्ष लागलं. तू माज्याजवळच आधार मागितलास, तवा वाटली. लई रडले, नीलू.

सोमवारी आसारामच्या गाडीत येते. संगट आणखी चार गाडीवान हायत, बैलांसकट. तुज्या विहिरीवर समद्यांपुढं सांगीन, मी खोटं बोलले. बैलांना माज्या हातानं पाणी पाजीन. काल तुज्या दाजींना सांगितलं. ते ताटावरून उठून गेले. आसारामनं मात्र इचारलं, "अक्का, मग आमी तुमच्याकडं कावून थांबायचं?"

मन्मथरावांना तोवर थांबव. मला घरात घ्यायचं का न्हाई, ते तू ठरव. मी दारात उभी ऱ्हाईन.

मास्तर म्हणतात, शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत हाय. तो मागायला मला तोंड न्हाई. नुसता अंगठा उठवते.

तुजी कसूरवार,
दानम्मा