पाणी पिऊन या

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवण्यात आता काही अर्थ नाही, तरी आज रागावले. नात पलासियाच्या क्लासहून आली आणि म्हणाली, “आजी, गुन्ह्याचं समाजशास्त्र चालू आहे, पण मॅडमनी तो बीचवाला टॉपिक सेल्फ-स्टडीला दिला यार.” बीचवाला कुठला, हे मला विचारावं लागलं नाही. मध्यभारत हे वेगळं राज्य होतं, त्या दिवसांत आपला विषय कॉलेजात नवानवा होता. वर्गात तीसेक मुलं, आणि पहिल्या बाकावर आम्ही तीन मुली. बायकांवरची बळजोरी, जिला पुस्तकात एकच सरळ शब्द होता, आणि त्यातून होणारे खून, हा धडा जवळ आला की तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायचात आणि खिडकीकडे बघत म्हणायचात, “लड़कियां जरा पानी पी आएं.” ऐन पौषात माणूस पाणी पिणार तरी किती, सर? आम्ही तरीही आज्ञाधारकपणे जायचो. मुलांनी पुढे सांगितलं, आम्ही गेलो की तुम्ही त्यांनाही “बाकी आप लोग पुस्तक में देख लें” म्हणून घंटा होईपर्यंत खिडकीबाहेरचं चिंचेचं झाड पाहायचात. म्हणजे तो धडा वर्गात कोणीच शिकलं नाही.

शिकलो ते आम्ही तिघी. व्हरांड्यात माठापाशी पाणी देणारी बाई बसायची, राहायची मिलच्या वस्तीत. तिला ऐकणारं कोणी हवंच असायचं. “काय सांगू ताई,” ती ओगराळं माठात बुडवत म्हणते आहे, “आमच्या गल्लीत दिराने भावजयीचा हात धरला. ती ओरडली, तर त्याने वरवंटाच घातला डोक्यात. जागेवर खतम! आणि गल्ली काय म्हणते? ती नळावर फार हसत होती म्हणे. अब बोलो! नळावर तर मी पण हसते. तो क्या मैं भी मरूं?” आमच्या हातातले पेले तसेच राहिले. त्या दिवशी पाणी कोणी प्यायलं नाही.

सहामाहीत ‘खुनाची सामाजिक कारणे’ हा प्रश्न तुम्हीच घातलात. मी त्या नळावरच्या भावजयीचा खून लिहिला, आणि खाली लिहिलं, की खून झाला म्हणजे समाज पहिली झडती मेलेल्या बाईची घेतो. ती कुठे उभी होती, किती हसली, पदर कसा होता. मारणारा राहतो बाजूला, त्याला फक्त राग आलेला असतो. तुम्ही सगळ्या पानावर लाल रेघ मारलीत आणि मला बोलावून घेतलंत.

“हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात नाही, सर. माठापाशी आहे.”

“उद्धटपणा! मी तुमच्या वडिलांना भेटणार आहे.”

मास्तरांची एक तक्रार आली की कॉलेज बंद, ही वडिलांची अट होती, आणि उज्जैनचं एक स्थळ दारात उभंच होतं. वडील सचिवालयात होते. सरकार सहा महिने ग्वाल्हेरला, सहा महिने इंदुरात, आणि त्यामागे वडील, त्यांची वळकटी आणि फायलींच्या पेट्या. नेमके त्या रविवारी ते रजेवर घरी होते. तुम्ही आलात. मी स्वयंपाकघरात दाराला कान लावून उभी, आई पोह्यांवर शेव आणि जिरावणाचा मसाला घालते आहे. तुम्ही ग्वाल्हेरच्या थंडीबद्दल बोललात. बदल्यांबद्दल बोललात. पोहे दोनदा मागून घेतलेत. शेवटी वडिलांनीच विचारलं, “मुलीबद्दल काही म्हणणं होतं?” आता मी काय लिहिलं ते सांगायचं, तर तुम्हाला पुस्तकातला तो शब्द उच्चारावा लागणार होता. चमचा ताटलीत वाजला. मग तुमचा आवाज आला, “मुलगी हुशार आहे. फक्त... पाणी फार पिते.”

कॉलेज वाचलं. पण दुसऱ्याच दिवशी मला वैद्यांकडे नेलं, आणि महिनाभर मी गुळवेलीचा काढा प्यायले. त्याचा राग मात्र अजून आहे.

निघताना तुम्ही ताटली ठेवायला आत आलात. पाहुण्याने ताटली उचलावी, हे आईला इतकं नवीन होतं की ती बघतच राहिली. तुम्ही मला खालच्या आवाजात विचारलंत, “त्या नळावरच्या बाईच्या... त्या दिराला शिक्षा झाली का?” मी म्हटलं, “माहीत नाही, सर. त्याच्याबद्दल गल्लीत कोणी बोलत नाही.” तुम्ही मान हलवलीत. पुढच्या तासाला तुम्ही चष्मा पुसायला घेतलात, आम्ही सवयीने उठलो, आणि तुम्ही म्हणालात, “बैठिए.” तो शब्द तुम्ही उच्चारलात, पण इतका हळू की मागच्या बाकावरून कोणी ओरडलं, “सर, जरा जोर से!” तुम्ही तो पुन्हा म्हणालात. थंडीतही कपाळाला घाम होता. मला तुमचा त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पुढे मीही हाच विषय शिकवला. तो शब्द वर्गात वर्षानुवर्षं ठणठणीत आवाजात म्हटला, मुलामुलींना समोर बसवून. म्हणूनच आज नातीसमोर तुमची आणि तिच्या मॅडमची यथेच्छ टिंगल केली, आणि मग हे लिहायला बसले. आत्ता पत्र पहिल्यापासून वाचून पाहिलं. सर, यात तो शब्द मी एकदाही लिहिलेला नाही. लिहावा म्हणून पेन टेकवलं, आणि खरं सांगते, उठून पाणी पिऊन आले.