बडीचा वाटा

३ मे
पोचलो! लढाईला निघालेला जवान मुलुंडहून विक्रोळीला रिक्षाने आला, हे कुणाला सांगायची सोय नाही. आई मात्र मी थेट सीमेवर चाललोय अशीच रडली. युद्ध सुरू झाल्यापासून शहरातली पाण्याची, विजेची ठिकाणं राखायला जवान घेतायत, त्यांची ही छावणी. बंद कारखान्याची शेड, मागे खारफुटी आणि खाडीचा चिखल. कांजूरच्या कचऱ्याचा वास फुकट. जेवण झकास.

इथे प्रत्येकाला एक जोडीदार देतात, त्याला बडी म्हणायचं. माझा बडी प्रीतम, कांजूरच्या चाळीतला, मूळचा कुडाळकडचा. बडीचं सगळं अर्धं अर्धं. पाण्याची बाटली दोघांत एक, चूक एकाची तरी सजा दोघांना. मी घटाघटा पाणी प्यायला लागलो तर ओरडला, "मेल्या, माका वायच ठेव!" वायच म्हणजे थोडंसं.

६ मे
अंथरूण घडी, दाढी, बूट, कवायत. उन्हात डांबर मऊ झालंय. आमचे प्रशिक्षक उस्ताद चंद्रप्रकाश भारी कडक आहेत. आज माझ्या चादरीला चुणी होती म्हणून मी आणि प्रीतमने शेडभोवती बेडूकउड्या मारल्या. प्रीतमने पूर्ण फेरीभर मला शिव्या घातल्या आणि नंतर चिक्कीचा मोठा तुकडा मलाच दिला. असा मित्र ऑफिसात इतक्या वर्षांत मिळाला नव्हता.

९ मे
डोकं फिरलंय माझं. मी आज स्वयंपाकघरात कांदे कापायला होतो. दुपारी प्रीतम उस्तादांना म्हणाला, गरगरतंय. उस्ताद म्हणाले, नाटकं. पाठीवर भरलेलं ओझं दिलं आणि एकट्याला चिखलातून सरपटत पलीकडच्या खारफुटीपर्यंत धाडलं. भरती आली तरी तो परतला नाही. शोधायला एक माणूस पाठवला नाही. संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, पळाला. पळपुटा निघाला.

पळून जाणार कुठे? घर त्याचं पुढच्या स्टेशनला. मोबाइल अजून इथल्याच कपाटात पडलाय.

१० मे
प्रीतमची आई आली होती, शांताबाई. फाटकाचे गज धरून एकच म्हणत होती, "माझो झील पळाचो नाय." उस्तादने आतूनच सुनावलं, लपवून ठेवलाय ना घरात, पोलीस येतील. सगळा रस्ता ऐकत होता. ती तिथून हलली नाही. उन्हात बसून राहिली.

मी उस्तादला जाऊन म्हणालो, चिखल शोधा. तो म्हणाला, युद्ध चालू असताना भित्र्यांना शोधायला वेळ नसतो. थोबाड फोडावंसं वाटलं. चाळीत त्या बाईला जन्मभर पळपुट्याची आई म्हणतील. मी सोडणार नाही. 'तो पळाला नव्हता, मीच पाठवला', हे याच्याच तोंडून वदवून घेईन.

११ मे
उलट बोललो म्हणून सजा. प्रीतमला दिलं होतं तेवढंच ओझं घेऊन बांधावरून धावायचं. धावता धावता ओझं निम्मं झालं. मागून कुणीतरी खालून उचलून धरलं होतं. वळून पाहिलं. लख्ख ऊन, कुणी नाही.

बाटलीचं झाकण मी उघडलंच नव्हतं. पाणी अर्धं. बाटलीच्या तोंडाला काळा चिखल. भीती नाही वाटली. म्हणालो, पी रे, तुझाच वाटा आहे.

१३ मे
नुसतं घेत नाही तो. देतोसुद्धा.

भर दुपारी कवायतीत नाक एकदम भरलं. छातीत थंड, जड काहीतरी. खोकलो तर काळा चिखल पडला. डॉक्टर म्हणतात धूळ. कसली धूळ! काल थोडा होता, आज ओंजळभर. त्याच वेळेला, त्याला चिखलात धाडलं त्याच वेळेला. प्रीतमचा राग नाही. बडीचं सगळं अर्धं. पण हे त्याचंही नव्हतं, माझंही नव्हतं. ज्याने दिलं तो मजेत जेवतोय.

१४ मे
नवा बडी दिला मला. नितेश, परवाच आलाय, पोरगेलासा. बाटलीला हात घातला त्याने. मी हात झटकला, ओरडलो. पोरगा घाबरला. त्याने काय केलंय? हा चिखल त्याच्या वाट्याला नाही जाऊ देणार.

कुणाच्या जाईल ते ठरवलंय.

१५ मे, बांधावर
ज्याला बडी नाही त्याच्याबरोबर चिखलाच्या सरावात उस्तादने उतरायचं. इथली रीतच आहे, प्रीतमच्या वेळी पाळली नाही ती. मी नितेशला सगळ्यांसमोर नाकारलं. उस्ताद शिव्या देत स्वतः आला, आजपुरता माझा बडी. ऊन मरणाचं. त्याने पाणी मागितलं. मी बाटली दिली. अर्धी प्यायला —

खोकतोय. गुडघ्यांवर. काळं येतंय नाकातून —

माझ्याही —

विचारलं, प्रीतम पळाला होता का. मान हलवली. मोठ्याने बोल म्हटलं. बोलला. नाही पळाला, मी पाठवला, शोधला नाही. सगळ्यांनी ऐकलं. नितेश फाटकाकडे धावला, शांताबाई अजून तिथेच बसलेली —

प्रीतम, ऐकलंस ना? बोलला तो. सोड आता —

उस्ताद हलत नाही. त्याचा वाटा झाला.

माझा अजून —

प्रीतम, वायच —