कांद्याचा रंग

माय, आज सकाळी नातीने मला विचारलं, "आजी, तुला दिसत नाही का?" चार वर्षांची आहे. ओट्याला खुर्ची लावून तिला उभं केलं होतं, कढईत कांदा होता आणि मी सारखी विचारत होते, बघ गं, रंग कसा झाला. मला चांगलं दिसतं, चष्मा लावून अजून सुई ओवते. तरी विचारते. पोरीचा प्रश्न रास्त होता. तिला खुर्चीवरून उतरवलं आणि तुला लिहायला बसले. तुला जाऊन तीस वर्षं झाली, वाचता तुला तेव्हाही येत नव्हतं. त्यामुळे पत्र कुठे टाकायचं ही काळजी नाही.

सानगडीजवळचं आपलं घर, सन सत्तरच्या पुढची वर्षं. मी सात वर्षांची, धाकटा चारचा. बाकीच्या घरांतल्या बाया पोरांना चुलीपासून हाकलायच्या आणि तू आम्हाला हाका मारून बोलवायचीस. आम्हाला तो खेळच वाटायचा. धाकट्यापुढे सूप असे. तो तांदळातले खडे वेचून जमिनीवर रांगेत मांडायचा आणि तू बोट फिरवून मोजायचीस, तसा तो मोजायला शिकला. भाजीला तोंड वाकडं करणारा तो पोरगा स्वतः निवडलेली भाजी मात्र मुकाट खायचा, वर बाबांना सांगायचा की ही माझी आहे. वांग्यातली कीड पाहणं माझ्याकडे. आणि कांद्याचा रंग सांगणं, तेही माझ्याकडेच. पाणी उकळलेलं ऐकू येतं, हळद वासाने कळते, शीत बोटाने दाबून कळतं. कांदा करपल्याचा वास येईपर्यंत मात्र उशीर झालेला असतो.

एकदा माझं लक्ष बाहेर गोट्या खेळणाऱ्या पोरांकडे होतं. तू विचारलंस आणि मी न बघताच सांगितलं की अजून पांढराच आहे. त्या दिवशी करपलेली भाजी सोडून बाबा अर्ध्या जेवणावरून उठले. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तू माझी हनुवटी धरलीस, चेहरा अगदी जवळ आणलास, पण तुझी नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, कानाकडे कुठेतरी होती. "अंदाजानं नोको सांगू पोरी. दिसते तेच सांग. मले आता दिसत नाई."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. कोणाला सांगू नको म्हणालीस. बाबांना कळलं तर ते डोळा कापायला नेतील, याची तुला भीती होती. त्याहून मोठी भीती ही की ते अड्याळच्या आत्याला आणून बसवतील आणि तुझी चूल तुझ्या हातून जाईल. मी वर्षभर ते पोटात ठेवलं. खरं सांगू का, त्या वर्षी सानगडीच्या बाजारापर्यंत माझ्याएवढं खूश कोणी नसेल. साऱ्या घराचं जेवण माझ्या डोळ्यांवर चाललं होतं.

शेवटी तूच एकदा बाबांचं वरण ताटाबाहेर वाढलंस. ते चिडले नाहीत. धान घरात आलं तसं मोतीबिंदू काढायला भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या शिबिराला तुला घेऊन गेले. आत्या आली. हाताला चव होती बाईच्या, उगाच नावं कशाला ठेवू. पण ती कोणाला काही विचारायची नाही. लेकरांचं चुलीपाशी काय काम, म्हणून तिने आम्हाला दोघांना ओसरीवर बसवलं. तुझी पट्टी निघाली, तू घरी येऊन खाटेवर पडून राहिलीस, चष्मा यायचा होता. मी ओसरीवर बसून एकच विचार करते आहे. ज्यांना दिसतं, त्यांच्या सैपाकघरात पोरं लागत नाहीत. आता मायलाही दिसेल. मग मी कशाला?

चष्मा आला. जाड भिंगांमागे तुझे डोळे एवढाले दिसत होते. तू आधी आम्हाला पोटाशी धरलंस, मग आढ्याची जळमटं पाहून आत्याला चार गोष्टी सुनावल्यास. दुसऱ्या दिवशी आत्या गेली. मी पुस्तक घेऊन ओसरीवरच बसले, आत यायची हिंमत नव्हती. आतून हाक आली, "कुठं गेली व? ये ना, कांदा टाकला." मी उंबऱ्यात उभी राहिले. तू कढईत बघत होतीस, तुला सगळं दिसत होतं, आणि तरी म्हणालीस, रंग सांग.

"तुले तं दिसते आता. मंग काहून विचारून राहिली?"

"दिसते व," तू म्हणालीस. "पण तू सांगत नाई तं मले एकटं एकटं वाटते."

माझा जीव भांड्यात पडला. गुलाबी झाला, मी सांगितलं, आणि तुझ्या शेजारी पाट ओढून बसले. पुढे नर्स झाले. जखम न बघता कधी कागदावर लिहिली नाही, ती तुझी शिकवण. धाकटा आजही आपल्या घरचे तांदूळ स्वतः निवडतो, त्यात खडा नसला तरी. आत्ता पत्र मधेच ठेवून दुसरा कांदा टाकला आणि नातीला तुझंच उत्तर दिलं. तिला पटलेलं दिसलं, कारण तिने लगेच दुसऱ्या कांद्याचाही रंग सांगितला.

आता राहिलेलं सांगते. तू भंडाऱ्याला निघालीस त्या सकाळी मी कडुनिंबाखालच्या मातामाय देवीपाशी गेले होते. सगळ्यांना वाटलं, पोरगी आईसाठी मागायला गेली. मी धाकट्याने निवडलेले मूठभर तांदूळ ठेवले आणि म्हटलं, मायला दिसू देऊ नको. दुसऱ्या दिवशी घाबरून ते तांदूळ परत उचलायला गेले, तर चिमण्यांनी खाऊन टाकले होते, म्हणजे मागणं देवीला पोचलं होतं. तू चष्मा लावून मला आत बोलावलंस, तोवर दीड महिना मी अंगणात चिमणी उतरली की घरात पळत होते.