शेजारतीची वेळ

उरायासु, १८ मे २०२५

ती. विद्याताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर अण्णा शेजारी असतात, म्हणून लिहितोय. रात्री नऊला ते देवाची शेजारती करतात, मी इथून फोनवर सूर धरतो, मगच ते रक्तदाबाची गोळी घेतात. हिवाळ्यात तुमचे नऊ म्हणजे माझे पहाटेचे पाच. गावाकडच्या माणसाला ते जड नव्हतं. मार्चअखेर तुमच्या जर्मनीने घड्याळं पुढे केली आणि माझे चार झाले. जपानचं घड्याळ जागचं हलत नाही, हलावं लागतं ते मला.

एका तासाचं काय एवढं, असं मीही म्हणत होतो. पण बँकेतून घरी यायलाच दहा वाजतात. परवा स्टेशनजवळ सायकलवर डोळा लागला नि पडलो. खरचटण्यावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, झोप पुरी करा. कौमुदी म्हणते, अण्णांना सांगून टाका. पण आई गेल्यापासून आरती नाही तर गोळी नाही, हे तू जाणतेसच. काय करू?

तुझ्या मायेचा भुकेला,
विनायक


श्टुटगार्ट, २८ मे

चि. विनायकास अ. आ.

शहाण्या, पडल्यावर कळवतोस? मलाही घड्याळ बदललं की आठवडाभर डोकं जड असतं. पण माझं सुटतं, तुझं रोजचं झालं.

मी अण्णांना सगळं सांगितलं. नऊ वाजले तरी त्यांनी घंटी हातात घेतली नाही. खिडकीकडे बोट करून म्हणाले, एवढ्या उजेडात देवाला निजवायचं कसं? तेव्हा आता शेजारती दहाला, म्हणजे तुझ्या पाचला. माघार घेतली, पण देवाच्या नावावर! माझी ड्यूटी पहाटेची असली तरी गोळी देईपर्यंत जागेन. सायकल मात्र महिनाभर कौमुदीच्या ताब्यात दे.

माया आहेच, तिला घड्याळ नाही.
विद्याताई


उरायासु, ९ जून

ती. ताईस सा. न.

काल दुपारी अण्णांनी आपणहून फोन केला. म्हणाले, विद्या ताटावर पेंगते. पोरांच्या झोपा मोडून देव निजत नाही. आता नऊला शेजारती एकट्याने, गोळीही आपल्या हाताने, आणि फोन रविवारी. आवाज खणखणीत होता. मी हो म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो, ताई, की मागाहून त्याचंच वाईट वाटलं.

आज गजर लावला नव्हता. तरी चारला जाग आली. शरीराला ती वेळ शिकायला दोन महिने लागले. विसरायला किती लागतील कोण जाणे. तिकडे अण्णांनी घंटी घेतली असेल, म्हणून पडल्यापडल्या मीही मनात आरती सुरू केली. शेवटच्या कडव्यापर्यंत काही मी जागा नव्हतो.

लोभ आहे, तो असाच राहू दे.
विनायक