साहेबांच्या पगारवाढीचे पेढे

आई, तुझं कँटीन बंद होतंय. येत्या एक तारखेपासून. आणि ती नोटीस लिहायची कुणी, तर मी. जिथं तू इतकी वर्षं चुलीपुढं उभी राहून शिरोलीच्या फौंड्रीतल्या माणसांना जेवू घातलंस, तिथंच वरच्या मजल्यावर मी आता एचआरची म्याडम म्हणून बसते, हे तुला ठाऊक नाही. मी इथं नोकरीला चिकटले तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. "माझी पोरगी हापिसात बसली पायजे," म्हणायचीस ना? बसली बघ. आता भोग म्हणावं.

झालंय असं, की ऑर्डरी आटल्यात. रात्रपाळी बंद केली, ओव्हरटाइम बंद केला, बोनसचं तर कुणी नावच काढत नाही. एवढं मला कळतं, धंदा आहे, खालीवर व्हायचंच. पण गेल्या आठवड्यात मीटिंग झाली, तिथं आधी ठरलं की कँटीन परवडत नाही, बंद करा, लोक घरून डबे आणतील. आणि चहा यायच्या आत दुसरं ठरलं, की मोठ्या साहेबांचा पगार वाढवायचा. का? तर म्हणे पडत्या काळात चांगला माणूस टिकवून ठेवावा लागतो, नाहीतर तो दुसरीकडं जाईल. अगं, जाऊ दे की मग! ह्यांच्याच हाताखाली कंपनी एवढी गाळात गेली, आणि हे गेले तर काय होईल याची मीटिंगवाल्यांना काळजी! मी एवढंच विचारलं, "साहेब, दोन्ही गोष्टी एकाच दिवशी लोकांना कशा सांगायच्या?" तर म्हणतात, "मॅडम, दोन्ही वेगळे विषय आहेत, मिक्स करू नका." मिक्स करू नका! पैसे काय दोन वेगळ्या विहिरींतनं येतात काय? तळपायाची आग मस्तकात गेली माझी. आणि खाली मान घालून मी सगळं लिहून घेतलं.

तेव्हापासनं डोळ्यापुढं तुझी पंगत येते. शाळा सुटली की मी थेट तिथं यायचे. वाढण्यात तुझा एक नेम होता, भट्टीवरची माणसं आधी, हापिसातली मागनं, मग तो कितीका मोठा साहेब असेना. ओतकाम करून माणसं येतायत, अंगभर काळी वाळू, भुवया होरपळलेल्या. आधी त्यांना मीठ घातलेलं ताक, मग ताट. मला भूक लागलेली, मी मधेच एक ताट उचलते, आणि तू सगळ्यांदेखत पळी उगारतेस, "ए भवाने, ठेव ते! लोखंडाचं पाणी तू ओतलंस व्हय? त्येंचं हू दे आदी." मला रडू फुटलं होतं. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही, आणि तुला त्याचा पत्ताही नव्हता.

आणि थोरल्या मालकांच्या गाडीचं आठवतं का? तेही असंच वाईट वर्ष होतं, तुझं तेल-डाळ निम्म्यावर आणलेलं, आणि मालक नवीकोरी गाडी घेऊन दारात. दुपारी ते जेवायला बसले, तर तू सगळ्यांना वाढलेली तीच पांचट आमटी त्यांच्याही ताटात ओतलीस. "फोडणी न्हाय काय गं आज?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "मालक, तेल तुमच्या गाडीत गेलं की!" पंगत गारच पडली. मालक हसले आणि मुकाट जेवले. गाडी काही त्यांनी विकली नाही, तेवढे देवमाणूस नव्हते ते. पण दुसऱ्या दिवशी तेलाचा डबा आला. निदान ते तुझ्यासमोर ताट घेऊन बसायचे गं. आमचे साहेब केबिनमध्ये पार्सल मागवून खातात, त्यांच्या ताटात कोण काय वाढणार?

आता पुढचं ऐक. ज्याचा पगार वाढला त्यानं पेढे वाटायचे, ही आपल्याकडची रीत अजून आहे. परवा साहेब खाली राउंडला गेले, तर वाळूचे साचे करणारा एक जुना मोल्डर तोंडावरची रेष न हलवता म्हणाला, "साहेब, लई आनंद झाला. पगार वाढला म्हणं तुमचा. पेढं पायजेत बगा." मागनं सगळे ओरडले, "व्हय की, पेढं पायजेत!" इथला कुणी असता तर टोमणा ओळखून तिथनं मान खाली घालून पळाला असता. आमचे साहेब पडले बाहेरचे, त्यांना भरून आलं! वर येऊन मला सांगतात, "बघा मॅडम, माझ्यासाठी किती खूश आहेत लोक." आणि खरोखर पेढे मागवले. बिल कामगार कल्याणाच्या खात्यात टाकायला सांगितलं. मी कपाळावर हात मारून घ्यायची तेवढी राहिले. एकानंही पेढा उचलला नाही. बॉक्स सगळे कँटीनच्या टेबलावर तसेच पडलेत.

आज दुपारी नोटीस लावायला मी कँटीनमध्ये गेले. तुझ्या हाताखाली भाकरी थापायला शिकलेली मावशी आता तिथलं सगळं बघते. या वयात तिला दुसरं काम कोण देणार? तिनं नोटीस वाचली. पदरानं हात पुसले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ताईसाब, इचारतो म्हणून रागावू नगासा. तुमचा बी पगार वाढला काय वो?"

"छे गं मावशी," मी म्हटलं, "आमचा कुठला वाढतोय?"

"तेच म्हटलं," ती म्हणाली. "त्या माउलीची ल्येक हाईसा तुमी." आणि मला ताक दिलं. मी प्याले.

आई, वाढलाय. साहेबांच्या मानानं चिल्लरच, पण त्याच मीटिंगमध्ये वाढलाय, आणि मी नको म्हटलं नाही. हे तुला लिहून टाकायला जमतंय, कारण तू काही हे वाचणार नाहीस. समोर उभी राहून विचारलं असतंस, तर तुलासुद्धा मी नाहीच म्हटलं असतं.